कुणाचा खांदा नको

सोमवार, दुपारी

ताई,

तुमच्या भावाचा एवढ्यात तुम्हाला फोन आला होता का? हो की नाही, एवढंच कळवा. मी आधी फोनच केला होता, पण माझा आवाज ओळखून तुम्ही ठेवून दिलात, म्हणून हा मेल. मी कोण ते सांगायला नको, तरी सांगते. शाळेपासूनची त्याची मैत्रीण, स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करणारी. तुमच्या आईंचा भिंतीवरचा फोटो मीच केला आणि त्यातून तुमचा खांदा मीच काढला. त्याचा राग तुमच्या मनात आहे हे माहीत आहे. ते काम मला सांगितलं तसं मी केलं, आज तो विषय नको.

काळजीचं काही नाही. शनिवार-रविवार आम्ही नवरा-बायको मास्तरकडे राहायला गेलो होतो. (तुम्ही त्याला घरच्या नावाने हाक मारता, आम्ही सगळे मास्तरच म्हणतो, तो भूगोल शिकवायला लागायच्या आधीपासून.) स्टुडिओच्या मालकांनी नवीन कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेलं निस्तरत आले, म्हटलं आता आपणही थोडा पसारा करावा. गाडी मी चालवली. आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात, त्यामुळे शेजारी बसले की यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. त्या पायाचाही मी एक फोटो काढला.

दोन दिवस नुसते फोटो काढत फिरले. दोरीवरचे कपडे, भिंतीवर बसलेलं शेजारचं मांजर, तोंड उघडं ठेवून टोस्ट खाणारे हे. मास्तर माझ्या मागे मागे, हात पाठीशी बांधून. उजेड कुठून येतोय ते मला सांगत होता, जसं काही मला कळतच नाही. छान गेला वेळ. घर इतकं आवरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी त्याच्याकडे खुर्चीवर बसायचं तर आधी पुस्तकं उचलावी लागतात.

चहा झाल्यावर आमचा नेहमीचा खेळ झाला. तुम्हाला कदाचित माहीत नसेल. त्याच्या भिंतीवर तो जगाचा मोठा नकाशा आहे ना, त्याच्यासमोर बसून आम्ही सहलीला जायचं ठरवतो. शाळेत होतो तेव्हापासून ठरवतोय आणि गावच्या तळ्याच्या पलीकडे आम्ही कधी गेलेलो नाही. पण ठरवायचं अगदी नीट, बोट किती वाजता, गाडी कुठे बदलायची, कुठल्या बाजूने डोंगर दिसतील. आणि खिडकी मास्तरची. खिडकीवरून तो लहान पोरासारखा भांडतो. एकदा यांनी चिडवायला म्हणून खिडकी मागितली, तर सगळा प्रवास त्याने रद्द करून टाकला होता.

या वेळी नकाशा भिंतीवर नव्हता. घडी घालून टेबलावर ठेवलेला. उत्तरेकडच्या बर्फापर्यंत बोटीने जायचं ठरलं, सगळं त्यानेच ठरवलं, आणि शेवटी म्हणाला, "खिडकीत हा बसेल, शेजारी तू." मी विचारलं, आणि तू रे? तर म्हणाला, माझं काय, तुम्ही जाऊन या आणि कसं होतं ते सांगा. निघताना नकाशा माझ्या हातात दिला. यांना त्याचे डोंगर चढायचे बूट दिले, अजून दुकानाचा वास येणारे. यांचा पाय त्याच्या दीडपट आहे. तरी दिले, आणि यांनीही घेतले.

येताना अर्ध्या रस्त्यात हे म्हणाले, "बूट बसणार नाहीत हे त्याला माहीत होतं." एवढंच. म्हणून तुम्हाला विचारतेय, फोन आला होता का? आला असेल तर काय म्हणाला?


मंगळवार, संध्याकाळी

ताई,

तुमचं उत्तर नाही. काल मी तुम्हाला सगळं लिहिलं नाही, आज लिहिते. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. माणूस गेला की घरचे स्टुडिओत येतात. भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, आणि एकट्याचा फोटो कुणाकडेच नसतो. कुणाच्या तरी लग्नातला असतो, सहलीतला असतो, आणि शेजारी कुणीतरी खेटून उभं असतं. मग मी बसून तो शेजारचा खांदा पुसते आणि त्या जागी कोटाची बाही काढते. वर्षानुवर्षं हेच. म्हणून मी गमतीने सगळ्यांना सांगत आले, एकेकट्याचा एक फोटो काढून ठेवा रे बाबांनो, मला दुसऱ्याचे खांदे पुसायला लावू नका. सगळे हसतात. मास्तरही हसायचा.

रविवारी निघायच्या आधी मास्तर म्हणाला, "माझा एक काढ ना. एकट्याचा. कुणाचा खांदा नको." इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसही नुकतेच कापलेले. मी म्हटलं, काय रे, लग्नबिग्न ठरलं की काय या वयात? तो हसला आणि जिथे नकाशा होता त्या भिंतीपाशी उभा राहिला. भिंतीवर नकाशाएवढा चौकोन पांढरा राहिला आहे, आणि त्याच्या मधोमध एक नवा खिळा ठोकलेला होता. मी तो खिळा पाहिला, ताई. फोटोत खिळा येतोय म्हणून त्याला एक पाऊल डावीकडे सरक म्हटलं. इतकी मी शहाणी.

आज कामावर तो फोटो उघडला. भिंतीवरच्या फोटोंतल्या माणसांना कधीच माहीत नसतं की हा फोटो कशासाठी आहे. ते कुणाच्या तरी विनोदाला हसत असतात, नाहीतर समोरच्या ताटाकडे बघत असतात. यातला माणूस माझ्याकडे बघतोय आणि विचारतोय, ठीक आलं ना? मी खुर्ची मागे सारून उठले. मालकांनी विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, डोळ्यांवर ताण आलाय.

तेवढ्यात त्याचाच फोन. स्वतःचा मोबाइल बंद करून त्याने ड्रॉवरमध्ये टाकलाय, कोण करतंय मला, असं परवा म्हणाला होता. हा फोन कोपऱ्यावरच्या दुकानातून केलेला. फोटो मोठा करून दे म्हणाला. आम्ही भिंतीसाठी करतो तोच आकार त्याने बरोबर सांगितला. आणि कागद चकचकीत नको, समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडतो.

मी खोटं बोलले. म्हटलं, मास्तर, फोटो हललाय रे, चेहराच धड आला नाही. मग म्हणाला, बरं, मग शनिवारी परत काढ. जसं काही शिंप्याकडची तारीख पुढे ढकलतोय.

तो अर्धवट काम सोडणारा माणूस नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. फोटो होईपर्यंत थांबेल असा माझा अंदाज आहे. पण हा नुसता अंदाज, त्याच्यावर एका माणसाचा जीव सोपवून मला इथे बसवत नाही. म्हणून यांना दुपारीच तिकडे पाठवलं. बूट चावतात, बदलून दे, असं सांगत गेले आणि मग गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणून तिथेच मुक्काम ठोकला. गाडी शिकवणाऱ्या माणसाने असली सबब सांगावी! मास्तरने काही विचारलं नाही म्हणे. चादर काढून दिली.

तुम्ही या. नाही जमलं तर फोन करा. खाली यांचा नंबर देते आहे.


गुरुवार, दुपारी

ताई,

तुमचं उत्तर मिळालं. दोन ओळी. "ज्याने आईच्या वेळी माझी वाट पाहिली नाही त्याच्यासाठी मी का धावत येऊ? हे सगळं त्याचं नाटक आहे."

तुमच्याशी मी नीट बोलायचं ठरवलं होतं, ते आता जमायचं नाही. आईंच्या वेळी तुम्ही वाटेत होतात. डॉक्टर म्हणाले, आता यंत्राने काही होणार नाही, आणि त्याने ते काढायला होकार दिला. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं झालं होतं. तो चुकला असेल. मी त्याची वकील नाही, त्या खोलीत मी नव्हते, तुम्हीही नव्हतात. तुम्ही त्याला म्हणालात, आजपासून तू माझा कोणी नाहीस, आणि पाळलंतही. मला फक्त एवढं विचारायचं आहे, की तुमचा राग पुरा व्हायला तो जिवंत नको का? नाटक म्हणता. नाटक करणारा माणूस चार जणांना दिसेल असं करतो. हा तर खिळासुद्धा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दुपारी ठोकतो.

काल मी रजा टाकून गेले. हे दाराशी कुठला तरी पेपर उलटा धरून वाचत बसले होते. मास्तर स्वयंपाकघरात कप धूत होता. आडून आडून विचारायचं मला जमत नाही, तेव्हा सरळच विचारलं, "मास्तर, तू जीव द्यायचा विचार करतो आहेस का?"

त्याने तो कप पुसला, मग दुसरा पुसला. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाला, "थकलोय गं. शाळा सुटली. आई गेली. आता माझ्यावर रागवायलासुद्धा कुणी नाही घरात."

मी म्हटलं, मी आहे की, आत्ता रागावलेच आहे. तर हसला आणि म्हणाला, तू मैत्रीण आहेस, तू दोन मिनिटं रागावतेस आणि मग चहा मागतेस. खरं आहे ते. मला रडू आलं आणि चहाही हवा होता. दोन्ही त्याच्यासमोरच झालं.

त्याला मी डॉक्टरांकडे चल म्हटलं. यांच्या एका विद्यार्थिनीची आई मनाच्या आजारांची डॉक्टर आहे, तिच्याशी मी बोलले. ती म्हणाली, एकटं सोडू नका, आणि सोमवारी सकाळी पहिली वेळ तुमची. तिचा नंबर यांच्याकडे आहे, मध्ये काही वाटलं तर लगेच फोन करायचा. मास्तर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, "शनिवारचा फोटो होऊ दे, मग बघू." ताई, हे वाक्य त्याने किती साधेपणाने म्हटलं ते तुम्हाला सांगता येत नाही. मला तिथे स्टुलावर बसवेना.

आता तुम्ही ठरवा. तुमच्या दोन ओळी मी त्याला दाखवलेल्या नाहीत. दाखवणारही नाही.


शुक्रवार, सकाळी

ताई,

कालचं पत्र जरा जास्तच झालं. पण त्यातलं मागे काही घेत नाही.

दुसरा फोटो पण हलला असं सांगता येणार नाही. तिपाई लावून, एवढ्या उजेडात, माझ्या हातून दोनदा फोटो हलत नसतो हे त्याला चांगलं माहीत आहे. पहिल्या वेळीही त्याला कळलं असावं असं आता वाटायला लागलंय. मग तो थांबला कशाला? कुणाची वाट बघतोय? मला तर एकच माणूस सुचतं, आणि ते माणूस माझे मेल वाचून गप्प बसतं.

उद्या सकाळी, नाश्ता झाला की, मी कॅमेरा लावणार. मला जितका वेळ काढता येईल तितका काढीन. यांचा फोन चालू असेल.


रविवार, सकाळी

ताई,

काल तुम्ही फोन ठेवलात तेव्हा पुढचं काही सांगायच्या मनःस्थितीत इथे कुणीच नव्हतं. आता शांतपणे लिहिते.

सकाळी मास्तर तयारच होता. तोच शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला. रोज मिश्कील बोलणारा माणूस, काल अगदी हलका झाल्यासारखा वाटत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्या डॉक्टरबाईंनी मला हे सांगून ठेवलं होतं. फार शांत झाला तर जास्त लक्ष ठेवा.

मी वेळ काढायला लागले. उजेड नीट नाही म्हटलं, पडदा सरकवला, परत ओढला. कॉलर वाकडी आहे म्हटलं, ती नव्हती. तिपाईचा एक पाय लहान करून ठेवला आणि मग तो सापडत नाही असं नाटक केलं. हे बाहेरच्या खोलीत हातात फोन घेऊन येरझारा घालत होते. त्यांच्या चपलांचा आवाज मी ऐकत होते आणि दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता. शेवटी मास्तरच म्हणाला, "पुरे आता. काढ."

तो खिळ्याखाली उभा राहिला. या वेळी मी त्याला सरक म्हटलं नाही. माझ्याकडच्या सबबी संपल्या होत्या. कॅमेऱ्यातून बघितलं तर गेल्या रविवारसारखंच, सरळ माझ्याकडे बघणारा, दोन्ही बाजू मोकळ्या. माझं बोट बटणावर होतं आणि मनात तुम्हाला मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

हे धावतच आत आले आणि फोन त्याच्या कानालाच लावला. तो आधी ओळखीचं काही नसल्यासारखा उभा होता. मग त्याचा हात वर आला आणि त्याने फोन स्वतः धरला. तुम्ही काय बोलत होतात ते आम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही ओरडत होतात एवढं मात्र तिपाईपर्यंत ऐकू येत होतं. किती वेळ ओरडलात! मी म्हटलं, संपलं, आता हा फोन ठेवणार. पण तो ऐकतच राहिला. खांदे खाली आले, चेहरा असा मोडत गेला की मला बघवेना. माझ्या बोटाने सवयीने बटण दाबलं गेलं असावं.

त्याने एवढंच म्हटलं, "ताई, मी एक दिवस थांबायला हवं होतं." मग बराच वेळ हं, हं. मग, नाही, जेवलो नाही अजून. आणि भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. मी चहा ठेवला, कारण दुसरं काही सुचेना.

तुम्ही त्याला काय काय बोललात ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. यायला तुम्हाला आठवडा लागेल म्हणालात, ते त्याने सांगितलं.

सोबत फोटो पाठवते आहे. तांत्रिकदृष्ट्या म्हणाल तर कामाचा नाही. हात कानाशी, डोळे मिटलेले, तोंड वाकडं. डाव्या बाजूने यांचा खांदा अर्धा आत आला आहे. भिंतीवर लावण्यासारखा तो नाही. यांचा खांदा पुसायला मला जास्त वेळ लागणार नाही, हातही काढता येईल. मी काढणार नाही. पहिला फोटो, तो नीट आलेला, मी कायमचा काढून टाकला. त्याला सांगितलं तर म्हणाला, माहीत होतं मला, तुझ्या हातून फोटो हलत नाही.

आता खरं ते सांगते, म्हणजे तुम्ही निवांत होऊ नये. काही टळलेलं नाही. त्याला आम्ही आमच्याकडे आणलंय, हे त्याच्याच खोलीत खाली गादी टाकून झोपतात, उद्या डॉक्टर आहेत. यांनी पकडीने तो खिळा उपटायला घेतला होता, मी म्हटलं राहू दे, नकाशा परत लावायचा आहे. आणि आज सकाळी चहा घेताना त्याने मला हळूच विचारलं, "दुसरा एखादा, नीट, काढशील का कधी?" मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, काढीन, तू आणि ताई शेजारी उभे राहाल तेव्हा. तो कपात बघत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, आणि यापुढे मला कळतंय असं मी समजणारही नाही.

तेव्हा आज संध्याकाळी फोन करा. उद्याही करा. प्रेमाने बोलायला जमत नसेल तर रागवा, त्याला चालतं. पण यांच्या नंबरवर नको. स्वतःचा मोबाइल तो ड्रॉवरमधून बरोबर घेऊन आलाय. काल दुपारपासून चार्जिंगला लावलाय, केव्हाचा पूर्ण झालाय, पण तारेवरून काढत नाही आणि तिथून उठतही नाही.